झेरॉक्सच्या दुकानातला रेझ्युमे गेटवर का अडतो?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटीआय, पदविका आणि पदवीचे निकाल लागू लागले की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या झेरॉक्स-डीटीपी सेंटरवर ‘रेझ्युमे काढून द्या’ म्हणणाऱ्यांची गर्दी वाढते. सेंटरवाला संगणकातली जुनी फाइल उघडतो, नाव, जन्मतारीख आणि टक्केवारी बदलतो आणि प्रिंट हातात देतो. उदगीरच्या फिटरला तीच फाइल, अंबडच्या बी.कॉम. मुलीला तीच आणि किनवटच्या डी.फार्म. झालेल्या मुलालाही तीच. हे कागद वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत किंवा जालन्याच्या रोलिंग मिलच्या ऑफिसात एका गठ्ठ्यात येतात, तेव्हा कोणाला काय येते हे त्यावरून कळत नाही. मुलाच्या हातात काम असते, पण ते कागदावर उतरलेले नसते. भरती आणि प्रशिक्षणाच्या कामात असल्यामुळे, हा कागद टेबलाच्या पलीकडून कसा वाचला जातो ते सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी, ही विनंती.

आधी वाचणारा कोण, ते पाहू. मोठ्या कंपनीत एचआर विभाग असतो. पण आपल्याकडच्या बहुतेक लघुउद्योगांत गठ्ठा चाळणारा माणूस म्हणजे प्रॉडक्शनचा मॅनेजर, हिशोबनीस किंवा खुद्द मालक. त्याच्याकडे एखादे मशीन ऑपरेटरवाचून उभे असते किंवा जीएसटीची तारीख जवळ आलेली असते. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: स्वतःच्या हाताने कोणते काम येते, ते कुठे आणि किती दिवस केले, आणि कधीपासून, कोणत्या पाळीत येणार. या तिन्हींची उत्तरे पानाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पाहिजेत. सेंटरच्या फाइलीत नेमक्या त्याच जागेवर ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याचे ध्येय’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असते. ते काढून टाका. तिथे नाव, मोबाइल, ईमेल, गाव-तालुका आणि त्याखाली एक ओळ एवढेच पुरे. उदाहरणार्थ: ‘व्हीएमसी ऑपरेटर, २ वर्षे, फानुक कंट्रोल, तिन्ही पाळ्यांना तयार, १५ दिवसांत रुजू’ (व्हीएमसी हे सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारे मिलिंग मशीन, फानुक ही त्याचा कंट्रोल बनवणारी कंपनी). नवख्याने लिहावे: ‘आयटीआय इलेक्ट्रिशियन (२ वर्षांचा ट्रेड), १२ महिने अप्रेंटिस, पॅनेल वायरिंग, वाळूज परिसरात राहण्याची तयारी’. गेटवर सुरक्षारक्षक कागद गोळा करतो तेव्हा पदाप्रमाणे गठ्ठे लागतात. पदाचे नाव सगळ्यात वर नसेल तर कागद चुकीच्या गठ्ठ्यात जातो आणि तिथून तो सहसा हलत नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे कामाच्या ओळी. ‘सीएनसी मशीनवर काम केले’ या ओळीतून काहीच कळत नाही. कोणते मशीन, कोणता कंट्रोल, कोणता जॉब, किती मापात, कोणत्या उपकरणाने तपासला, हे आले की ओळ जिवंत होते. असे लिहा: ‘२ सीएनसी टर्निंग मशीन (फानुक) एकाच वेळी चालवली, बुशचा बाहेरचा व्यास ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने तपासला. इन्सर्ट बदलणे आणि वेअर ऑफसेट देणे स्वतः करतो. प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही’. शेवटचा तुकडा मुले लपवतात, तो लपवू नये. ऑपरेटर, सेटर आणि प्रोग्रॅमर ही तीन वेगवेगळी कामे आहेत. ऑपरेटर जॉब लावतो, मोजतो, ऑफसेट म्हणजे टूलच्या झिजेनुसार मापातली दुरुस्ती देतो. सेटर टूल बसवतो, वर्क झीरो (जॉबवरचा मोजणीचा आरंभबिंदू) घेतो आणि पहिला जॉब मापात काढून देतो. प्रोग्रॅमर ड्रॉइंग पाहून कोड लिहितो. कागदावर ‘ऑपरेटर कम सेटर कम प्रोग्रॅमर’ लिहिले की प्रोग्रॅममधला जी-५४ कोड कशासाठी, जी-७१ कधी वापरता, हे प्रश्न येणारच. तिथे अडखळले की खरी असलेली दोन वर्षेही खोटी वाटू लागतात.

वेल्डरने प्रोसेस लिहावी: साधे आर्क, मिग की टिग. मग पोझिशन, पत्र्याची किंवा प्लेटची जाडी आणि वापरलेला इलेक्ट्रोड. ‘सर्व प्रकारचे वेल्डिंग’ लिहिणाऱ्याला पहिल्या फेरीत टेस्ट पीस देतात आणि तिथे सगळे उघडे पडते. इलेक्ट्रिशियनने स्टार-डेल्टा स्टार्टर जोडला आहे का, मेगरने इन्सुलेशन मोजले आहे का, व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचे) पॅरामीटर बदलले आहेत की नुसते पाहिले आहेत, हे सांगावे. जालन्याच्या स्टीलमध्ये जाणाऱ्याने ‘फर्नेसवर होतो’ एवढ्यावर थांबू नये. इंडक्शन फर्नेस किती टनांची, काम चार्जिंगचे होते की पॅनेलचे, नमुना घेऊन स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) कोण जात होते, हेही लिहावे. क्वालिटीत असाल तर यूटीएम या चाचणी यंत्रावर सळईची तन्यता चाचणी स्वतः घेतली की नोंदवहीत आकडे भरले, हा फरक लिहा. दोन्ही कामे मान्य आहेत, फक्त त्यांची पदे वेगळी आहेत.

बी.एस्सी. रसायनशास्त्राची मुले औषध कंपन्यांना पाठवतात त्या रेझ्युमेत हटकून ‘एचपीएलसीचे ज्ञान’ असते (एचपीएलसी म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र). कॉलेजात प्रात्यक्षिक पाहिले असेल तर ‘प्रात्यक्षिक पाहिले’ असेच लिहा. त्यापेक्षा टायट्रेशन, पीएच मीटर, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर यांपैकी जे स्वतः केले ते वर घ्या. कॉलम कसा धुता, मोबाइल फेज का गाळता, याचे उत्तर ज्याला येते त्यानेच एचपीएलसी वरच्या ओळीत लिहावे.

बी.कॉम.वाल्यांची ठरलेली ओळ म्हणजे ‘टॅली येते’. क्लासचे प्रमाणपत्र सगळ्यांकडेच असते. लातूर, जालना, सेलू, परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानावर हंगामात लिखापढी केलेली मुले तो अनुभव लिहायलाच लाजतात, आणि खरे तर तोच अनुभव मोलाचा असतो. शेतकऱ्याची हिशोबपट्टी करणे, हमाली-तोलाईची कपात धरणे, दिवसअखेर रोकड जुळवणे हे चोख हिशोबाचे काम आहे. असे लिहा: ‘आडत दुकान, २ हंगाम, हंगामात रोज सुमारे ४० हिशोबपट्ट्या, रोकडवही आणि बँक जुळवणी, टॅलीत व्हाउचर नोंद’. आकडा आपला खरा घाला, आमचा नमुन्याचा उचलू नका. सीए कार्यालयात बसला असाल तर जीएसटीआर-१ ची विक्री यादी तुम्ही तयार केली की रिटर्न तुम्हीच भरले, हे वेगळे करा. दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख आणि ३-बी (कर भरण्याचे विवरणपत्र) ची २० तारीख असते. हे काम केलेल्याला या तारखा तोंडपाठ असतात आणि मुलाखतीत त्या विचारल्या जातात.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेल्यांनी ‘एक वर्ष’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘२ गाळप हंगाम’ असे लिहावे आणि प्रत्येक हंगामाचे महिने द्यावेत. ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (साखरेचे प्रमाण), कोणत्या पाळीत किती नमुने, हे आले की मधला रिकामा काळ आपोआप समजतो. कृषी पदविका किंवा पदवी घेऊन बियाणे-खतांच्या कंपन्यांत फिल्डचे काम मागणाऱ्यांनी दुचाकीचा परवाना, फिरलेले तालुके, लावलेले प्रात्यक्षिक प्लॉट आणि घेतलेल्या शेतकरी बैठका आकड्यांत लिहाव्यात. घरची शेती पाहत असाल तर तीही लिहा, पण ‘शेती’ एवढा शब्द टाकून नव्हे. किती एकर, कोणते पीक, ठिबकचे व्हेंचुरी (खत सोडण्याचे साधन) किंवा फिल्टर तुम्ही सांभाळता का, मजुरीचा हिशोब कोण ठेवते, ते येऊ द्या.

कंत्राटदारामार्फत केलेल्या कामाबद्दल थोडे अधिक लिहावे लागेल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. मोठ्या कारखान्यात दोन वर्षे काम केले, पण पगार कंत्राटदाराचा. मुलगा रेझ्युमेत नुसते कारखान्याचे नाव लिहितो. नवी कंपनी यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) मागते, भविष्यनिर्वाह निधीच्या सेवा-इतिहासात आस्थापना म्हणून कंत्राटदाराचे नाव दिसते आणि माहिती खोटी ठरते. सरळ लिहावे: ‘अमुक कारखाना, तमुक कंत्राटदारामार्फत, जून २०२२ ते ऑगस्ट २०२४’. याने किंमत कमी होत नाही, कारण हात त्याच मशीनवर होता. रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख पीएफच्या नोंदीशी जुळवून घ्या. सोडल्याची तारीख भरली आहे की नाही, ते पोर्टलवर आधी पाहा. दोन ठिकाणची नोकरी एकाच काळात दिसणे हा पडताळणीतला नेहमीचा अडथळा आहे. अप्रेंटिसशिपलाही नोकरी म्हणू नये. ‘अप्रेंटिस, १२ महिने’ असे लिहून खाली काय शिकलात ते लिहा. २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ग्रामपंचायत, शाळा, बँक किंवा खासगी आस्थापनेत काम केलेली बरीच मुले आहेत. तो काळही प्रशिक्षणार्थी म्हणून नोंदवावा: कार्यालय, महिने, आणि हातून झालेले काम.

खंड पडला असेल तर तो झाकू नका. आपल्याकडे एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या तयारीत दोन-तीन वर्षे गेलेली मुले घरोघरी आहेत. ती वर्षे कागदावरून गायब केली की वाचणाऱ्याच्या मनात भलत्याच शंका येतात. एक ओळ पुरते: ‘२०२१ ते २०२३: स्पर्धा परीक्षेची तयारी, सोबत अभ्यासिकेत व्यवस्थापनाचे अर्धवेळ काम’. मालकाची खरी भीती दुसरीच असते: सरकारी भरतीची जाहिरात निघाली की हा पुन्हा सोडून जाईल. तयारी थांबवली असेल तर तसे लिहा. चालू असेल तर निदान मुलाखतीत विचारल्यावर खरे सांगा. लग्न, बाळंतपण किंवा घरातल्या आजारपणामुळे थांबलेल्या मुलींनीही कारणाचा तपशील न देता नुसता काळ लिहावा आणि आता कोणत्या वेळेत काम करता येईल ते लिहावे.

वैयक्तिक माहितीचा जो तक्ता सेंटरच्या फाइलीत खाली असतो, तो लग्नाच्या बायोडाट्यातून आलेला आहे. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती यांतले काहीही खासगी नोकरीच्या रेझ्युमेत लागत नाही. सरकारी अर्जाचे नमुने वेगळे असतात, तिथे मागितलेले सगळे भरावेच लागते. आधार आणि पॅनचा क्रमांक मात्र रेझ्युमेत कधीही टाकू नये. हा कागद किती व्हॉट्सॲप ग्रुपमधून फिरतो त्याचा पत्ता लागत नाही, आणि नाव, जन्मतारीख, पत्ता, आधार एकत्र मिळाले की फसवणूक करणाऱ्याचे अर्धे काम होते. ही कागदपत्रे नेमणुकीच्या वेळी द्यायची असतात. संपूर्ण पत्ताही नको, गाव, तालुका, जिल्हा पुरे. ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र आणि त्याखालची सही जागा खाते, तीही काढावी.

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच लिहावे. लग्नानंतर बदलले असेल तर दोन्ही द्यावीत. शहरांच्या नावांचाही गोंधळ होतो. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण जुन्या प्रमाणपत्रांवर जुनीच नावे आहेत. पत्त्यात आजचे नाव आणि शिक्षणाच्या ओळीत प्रमाणपत्रावर छापलेले नाव, असे ठेवले की पडताळणीत अडत नाही. गुण लिहिताना सीजीपीए किती पैकी तेही लिहा, ‘७.४/१०’ असे. निकाल बाकी असेल तर ‘अंतिम सत्र, निकाल प्रतीक्षेत’. विषय राहिला असेल तर ‘उत्तीर्ण’ लिहून पुढे पकडले जाण्यापेक्षा राहिलेला विषय लिहिलेला बरा.

भाषा कोणती? जाहिरात ज्या भाषेत असेल ती. कारखान्यांचा कारभार बहुधा इंग्रजीत चालतो, म्हणून साधे, लहान वाक्यांचे इंग्रजी पुरते. अलीकडे मोबाइलवरच्या एआय ॲपमधून भारदस्त इंग्रजी परिच्छेद करून घेतात. शब्द तपासायला, स्पेलिंग सुधारायला त्याची मदत जरूर घ्यावी. पण ज्या ओळीवर दोन मिनिटे मराठीत बोलता येत नाही, ती ओळ आपली नव्हे. ती खोडावी.

फाइलचे तांत्रिक दोष लहान दिसतात, पण त्यापायी चांगली मुले बाहेर राहतात. मराठी रेझ्युमे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला आणि वर्डची फाइल पाठवली, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. पीडीएफ केली तर डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाला शोधताना तीच निरर्थक अक्षरे मिळतात. म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्यावे, मंगल किंवा नोटो फॉन्ट चालतो. दुसरा दोष: छापलेल्या कागदाचा मोबाइलने फोटो काढून त्याची पीडीएफ करणे. त्यात अक्षरे नसतात, नुसते चित्र असते. नोकरीच्या पोर्टलांवर आणि मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर मजकूर उपसून घेते आणि मग ‘फिटर’, ‘एसएपी’, ‘फानुक’ असे शब्द टाकून शोध घेतात. चित्रातून त्याला काही हाती लागेलच असे नाही. दोन रकाने, टेक्स्ट बॉक्स, कौशल्यांपुढचे ठिपके-पट्ट्या यांमुळेही मजकुराचा क्रम मोडतो. हेडरमध्ये लिहिलेला मोबाइल नंबर कधी कधी गळून जातो. तपासायची रीत सोपी आहे: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे नाव, नंबर, कामाच्या ओळी क्रमाने वाचता आल्या तर फाइल ठीक आहे.

नवख्याला ए-४ चे एक पान, आठ-दहा वर्षांच्या अनुभवाला फार तर दोन. अक्षर ११ पॉइंट, समास पाऊण इंच, काळी शाई. अलीकडचे काम वर, जुने खाली. फोटो मागितला असेल तरच छापावा, थेट मुलाखतीला मात्र दोन वेगळे न्यावेत. फाइलचे नाव ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ असे नसावे. आपले नाव, पद आणि शहर रोमन लिपीत द्यावे, म्हणजे वाचणाऱ्याला ती पुन्हा सापडते. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. ड्राइव्हची लिंक दिली आणि परवानगी उघडी ठेवली नाही, तर समोरचा विनंती पाठवून वाट पाहत बसत नाही. ईमेलचा विषय रिकामा नको, पदाचे नाव घाला, आणि खाली तीन ओळी: कोण, काय येते, कधी येऊ शकतो. दिलेल्या नंबरचा रिचार्ज संपून इनकमिंग बंद होणे, हे कारण क्षुल्लक वाटेल, पण बोलावणे न पोहोचण्यात त्याचा वाटा मोठा आहे. घरातला दुसरा नंबर द्यावा आणि अर्ज कुठे कुठे केला आहे ते घरच्यांना सांगून ठेवावे. नोंदणी, गणवेश किंवा ट्रेनिंगच्या नावाने आगाऊ पैसे किंवा ओटीपी मागणारा फोन नोकरीचा नसतो, तो लगेच बंद करावा.

यात सगळा भार मुलांवर टाकणे न्याय्य नाही. आयटीआय, तंत्रनिकेतने आणि महाविद्यालयांचे प्लेसमेंट कक्ष यांना विनंती आहे की शेवटच्या सत्रात दोन-दोन तासांच्या दोन बैठका ठेवाव्यात. पहिलीत संगणक बंद ठेवून, प्रत्येकाने आपण हाताने केलेली दहा कामे वहीत मराठीत लिहावीत, उपकरणाच्या आणि मापाच्या उल्लेखासह. कार्यशाळेची जॉब डायरी सोबत आणली की आठवायला सोपे जाते. दुसऱ्या बैठकीत त्यातली चार-पाच निवडून रेझ्युमे टाइप करावा, आणि ट्रेडच्या निदेशकाने प्रत्येक ओळीवर एक प्रश्न विचारावा. नमुन्याची एकच फाइल सगळ्यांना वाटू नये. डीटीपी सेंटर चालवणाऱ्यांनीही निदान ध्येयाचे वाक्य, आधार क्रमांक आणि लग्नाच्या बायोडाट्याचा तक्ता आपल्या फाइलीतून काढला, तर एका दिवसात तालुक्यातले शेकडो कागद सुधारतील.

उद्योजकांकडेही एक मागणे आहे. ‘ऑपरेटर पाहिजेत, त्वरित भेटा’ एवढ्या जाहिरातीवर कळंबचा मुलगा एसटीचे भाडे खर्चून वाळूजला येतो आणि गेटवर कळते की हवा होता सेटर. पद, मशीन आणि कंट्रोल, पाळ्या, हातात पडणारा पगार, नोकरी कंपनीची की कंत्राटदाराची, आणि राहण्या-जेवणाची सोय, एवढे जाहिरातीत असावे. आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर शब्दांप्रमाणे पैसे लागतात, हे आम्ही जाणतो. तरी ‘पाहिजेत’ सदरातल्या जाहिरातींसाठी हे सहा तपशील भरण्याचा छापील फॉर्म आपल्या कार्यालयाने काउंटरवर ठेवावा, अशी विनंती आहे.

आपले,
भरती व औद्योगिक प्रशिक्षणाच्या कामातील काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर